तळपायांवरचा नकाशा

आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात, त्याचं सुख अनेकांना ठाऊक असेल. रिफ्लेक्सोलॉजी ही बिंदू दाबण्याची उपचारपद्धतीही तळपायांचीच, पण ती आली अमेरिकेतून. नाक-कान-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे 10 उभे पट्टे कल्पिले. 1930च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यावरून तळपायांचा नकाशा आखला. अंगठा म्हणजे डोकं, पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा.

उपचार अर्धा ते एक तास चालतो. तुम्ही फक्त बूट-मोजे काढून आरामात पडायचं. थेरपिस्ट अंगठ्यानं एकेक बिंदू दाबतो. कुठे थोडं दुखतं, पण असह्य झालं तर लगेच सांगा. बहुतेकांना नंतर सैल, हलकं वाटतं. काहींना तिथेच डुलकी लागते.

मात्र दुखरा बिंदू म्हणजे त्या अवयवाचा आजार, याला शास्त्रीय आधार नाही. तेव्हा निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या, चालू औषधं सोडू नका. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, पायात रक्ताची गुठळी किंवा जखम असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.