पतपेढीचा अर्ज आणि जामीनदाराची सही
(विहाराच्या वर्धापनदिनी हर्णे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा आम्ही विषय विचारला. ते म्हणाले, गुरुजी, तुम्हाला वाटेल तो घ्या. म्हणून आज आम्ही पैशाचा विषय घेतला आहे. व्यासपीठावरून कर्जाविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. पण अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात खुद्द भगवंतांनी दरिद्री माणसाचे कर्ज, त्याचे व्याज, मग तगादा आणि शेवटी बंधन अशी एकामागून एक पायरी सांगितली आहे. आणि ज्या दापोलीत बाबासाहेबांचे बालपणाचे काही दिवस गेले, त्याच मुलखातल्या खोतीविरुद्ध त्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती जाण्याचा कायदा १९४९ साली झाला. खोत गेला, पण शेकडा पाच रुपयांनी पैसे देणारा कुठे गेला? तो आपल्याच नाक्यावर बसलेला असतो.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण कुणी विसरलेलो नाही. आमच्या घरावरचे अर्धे पत्रे उडाले, भिंत उघडी पडली आणि वर पावसाचे दिवस. मदत येईल तेव्हा येईल, घर आज शाकारायला हवे. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. पतपेढीकडे २०,००० रुपयांचा अर्ज केला. अर्ज म्हणजे काय तर चार पानी फॉर्म, पगाराचा दाखला, आधार, पॅन, दोन फोटो, कर्जाचे कारण आणि दोन जामीनदार.

कागद एका दिवसात जमले. जामीनदार मिळायला सहा दिवस लागले. ज्यांच्या घरी आमचे ताट-वाटीचे संबंध, ते म्हणाले, "घरात विचारून सांगतो." ते घर अजून विचारतेच आहे! आम्ही रागावलो नाही. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार थकला की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि जामीनदाराच्या पगारालाही हात घालते.

शेवटी सही केली ती आमच्या शाळेतल्या शिपायाने. याच गृहस्थाचा पगार पूर्वी कुणा दुसऱ्याच्या कर्जापायी १४ महिने कापला गेला होता. हे आम्हाला माहीत होते, म्हणून आम्ही त्याला विचारलेच नव्हते. तो आपणहून आला नि म्हणाला, "गुरुजी, आणा तो कागद. फक्त हप्ता चुकणार असेल तर आठ दिवस आधी मला सांगा." तेवढीच त्याची अट. मंजुरीनंतर शेअर्स, फी आणि स्टॅम्प वजा होऊन हातात १९,००० च्या आत पैसे आले. अर्ज करतानाच ही वजावट विचारून घ्यावी. आम्ही विचारली नव्हती आणि पत्र्यांचे चार नग कमी पडले.

आता खरी गोष्ट. त्याच वादळात आमच्या शेजारच्या एका मावशीचेही छप्पर गेले. ती बंदरावर लिलावात मासळी घेते आणि दापोलीकडच्या गावांत फिरून विकते. तिला पगाराचा दाखला कोण देणार? तिने २०,००० रुपये शेकडा पाच रुपयांनी उचलले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. दरमहा १,००० रुपये ती नुसते व्याज देत होती. दोन वर्षांत २४,००० रुपये गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे उभे. आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो, तरी हे आम्हाला दोन वर्षांनी कळले. मुलांना शाळेत सरळव्याज शिकवणाऱ्या माणसाला ही शरमेची गोष्ट आहे.

मग आम्ही बसून हिशेब केला. दर समजा १२ टक्के धरला आणि व्याज घटत्या शिल्लकेवर असले, तर २०,००० रुपयांचा २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ९४२ रुपये येतो. एकूण व्याज २,६०० च्या आत. म्हणजे ती जे व्याज भरत होती त्याहून हा हप्ता कमी, आणि दोन वर्षांनी कर्ज संपते! तिने तीनदा विचारले, "गुरुजी, मुद्दलासकट?" हो मावशी, मुद्दलासकट. मात्र तोच १२ टक्के दर सपाट पद्धतीने लावला तर व्याज ४,८०० होते आणि हप्ता १,०३३. तेव्हा दर किती एवढेच न विचारता, व्याज कशावर, हेही विचारा.

कागद नसलेल्या माणसाने पत कशी दाखवायची? तिने दैनिक ठेवीचे खाते उघडले. रोज ३० रुपये. एजंट बंदरावरच यायचा आणि पुस्तकात लिहून द्यायचा. आठ महिन्यांत ७,००० च्या वर शिल्लक झाली. कर्ज समितीपुढे तिने तेच पुस्तक ठेवले. एक जामीनदार आम्ही झालो. दुसरा कोण झाला असेल? तोच शिपाई! वजावटीत जे कमी पडले ते तिने शिलकीतून घातले आणि सावकाराचा कागद त्याच दिवशी परत घेतला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून त्या दोन हप्त्यांचे पैसे ती मे महिन्यातच भरून टाकी. एकही हप्ता चुकला नाही.

काहीजण म्हणतील, पतसंस्थाही बुडतात. बुडतात, खोटे कशाला बोलावे. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा आहे तो पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणून सभासद होण्याआधी लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा, वार्षिक सभेला जा, अहवाल वाचा. चहा-बिस्किटे खाऊन परत येऊ नका. जर्मनीत रायफायझन नावाच्या गृहस्थाने १८६४ साली शेतकऱ्यांची पतसंस्था काढली, आपल्याकडे १९०४ साली कायदा आला. पण दोन्हीकडे मूळ एकच, एकमेकांना ओळखणारी माणसे एकमेकांच्या पैशावर लक्ष ठेवतात. लक्ष सुटले की संस्था सुटली.

आणि बिगरपरवाना सावकाराविषयी. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कुणी देऊ नये.

विहार समितीला आमची एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास अर्ज भरून देण्यासाठी ठेवावा. शिकलेल्या पोरांनी बसावे. आम्ही येऊ, तो शिपाईही आता निवृत्त झाला आहे, तोही येतो म्हणाला आहे. आज आम्ही कोरे फॉर्म बरोबर आणले आहेत. भोजनानंतर पिंपळाखाली बसतो. ज्यांना हवा त्यांनी आधार आणि दोन फोटो घेऊन यावे. चष्मा असेल तर तोही आणा, अक्षर फार बारीक आहे.

जयभीम.