दुखणे अंगावर काढू नका



मी वैद्य नव्हे. पिंपरी-चाकणच्या कामगारांत वावरणारा माणूस आहे. गर्भाशयातल्या गाठीने पाळीत फार रक्त जाते, तरी खाडा पडेल म्हणून आमच्या भगिनी मुकाट्याने यंत्रापुढे उभ्या राहतात. मग कोणी ‘गाठ विरघळवणारे’ चूर्ण देतो. माझ्याच घरी चार महिने ते चालले. गाठ तशीच राहिली. हिमोग्लोबिन मात्र सातावर आले.

आहाराने गाठ विरघळते, हे सिद्ध झालेले नाही. आहार गेलेले रक्त भरून काढण्यास मदत करतो. हळीव, हरभरा, पालेभाजी खावी, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

उलट, घाईने पिशवी काढणेही बरे नव्हे. बीडच्या ऊसतोड भगिनींचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. पाळी थांबल्यावर पुष्कळदा आक्रसतात. म्हणून डॉक्टरांना विचारा : गाठ केवढी? दुसरा उपाय कोणता?

राज्य विमा योजनेने विमेदार कामगाराला, कंत्राटी असला तरी, सहकुटुंब उपचाराचा हक्क दिला आहे. वर्गणी आपल्या पगारातून जाते. मग तपासणी मागताना संकोच कसला?