कष्टाची भाकर
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिरार्थींनी जे लेखी प्रश्न दिले आहेत, त्यांतील बहुतेकांचा आशय एकच आहे : आयुष्यभर काम करण्याची प्रेरणा आणावयाची कोठून? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु तो विचारताना आपण असे धरून चालतो की, प्रेरणा थोरामोठ्यांच्या चरित्रांत साठवलेली असते, आणि ती तेथून उचलून आणली म्हणजे झाले. शिवाय आपल्या समाजवादी वर्तुळात त्यागाचे गोडवे इतके गायले गेले आहेत की, ज्याने हसणे-खेळणे सोडले तोच खरा कार्यकर्ता, अशी नव्या मुलांची समजूत होते. या समजुतीने चळवळीचे फार नुकसान केले आहे. कितीतरी चांगली माणसे पाच-सात वर्षांतच कडवट होऊन घरी बसली.

डॉ. बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी, आपल्यातून गेले. त्यांच्या त्यागाविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला आज त्यांच्या कामातील भाकरीविषयी बोलावयाचे आहे.

बाबा आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. पुण्याच्या पेठेतील त्यांच्या दवाखान्यात पाठदुखी घेऊन हमाल येत. पोते शंभर किलोंचे. दिवसभर अशी पोती पाठीवर वाहणाऱ्याला कोणते औषध देणार? दुखणे पाठीत नव्हते, पोत्यात होते. हे ध्यानात आल्यावर डॉक्टरने पोत्याशी भांडण मांडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने उचलावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे पोते पन्नास किलोंवर यावे, एवढ्या साध्या मागणीसाठी हमालांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आजही ज्यांना वाटते की कल्याणकारी कायदे सरकारच्या दयाबुद्धीतून जन्मतात, त्यांनी या पोत्याचा इतिहास वाचावा.

१९६९ चा माथाडी कायदाही असाच लढून मिळालेला आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीने त्यासाठी जे केले, त्याचा तपशील येथे सांगत नाही. कायद्याची युक्ती मात्र समजून घ्या. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. तेव्हा व्यापाऱ्यांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचाराची सोय द्यावयाची. ज्याला कालपर्यंत कोणी नावानेही हाक मारीत नव्हते, त्याचे नाव नोंदवहीत आले. पुढे १९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली, तेव्हाही पहिला आग्रह ओळखपत्राचाच होता. आपले छायाचित्र असलेले कार्ड हातात पडल्यावर कचरा वेचणाऱ्या बाईला जे वाटते, त्याला आनंद हाच शब्द आहे. तो लहान आनंद नव्हे.

आणि आता भाकरी. १९७२ च्या दुष्काळाची झळ ताजी होती. बाजारात काम करणाऱ्या हमालाला दुपारी परवडेल असे चांगले अन्न मिळत नव्हते. हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ नावाचे केंद्र काढले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी, पिठले, भाजी. हा धर्मादाय नव्हता. खाणारा पैसे मोजून ताठ मानेने खात होता. मला या उपक्रमाचे मोल संघटनेच्या कोणत्याही ठरावापेक्षा अधिक वाटते. मोर्चा वर्षातून चार वेळा निघतो, पोटाला मात्र रोज लागते. जी संघटना माणसाच्या रोजच्या ताटात दिसते, तिच्या हाकेला तो मोर्चाच्या दिवशीही येतो.

याच काळात, १९७२ पासून, बाबा ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन शेकडो खेड्यांत हिंडले. तहान लागली असता गार पाणी मिळणे, यापरते साधे सुख कोणते? पण गावच्या पाणवठ्यावर दलितांना मज्जाव होता. आपण ज्यांना रोजची साधी सुखे म्हणतो, ती या देशात कोणाला मिळावीत हे जात ठरवीत आली आहे. म्हणून सुखाचा विचार हा राजकारणाबाहेरचा विचार आहे, असे मला कधीच वाटले नाही.

एक उदाहरण आणखी. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला. तो कशातून उभा राहिला? डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, सदाशिव अमरापूरकर अशा कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, त्यातून. ठिकठिकाणचे प्रेक्षक पोट धरून हसले, आणि त्या हसण्यातून कार्यकर्त्यांच्या चुली पेटल्या. गंभीर नाटकच हवे, असा हट्ट कोणी धरला नाही, हे बरे झाले. अत्र्यांना ही गोष्ट आवडली असती.

आता थोडे कडू बोलतो. आपण ज्यांच्यासाठी लढतो, त्यांचे म्हातारपण अजून उघड्यावर आहे. २०१२ साली दिल्लीत जंतरमंतरवर बाबा आणि अरुणा रॉय पेन्शन परिषदेच्या वतीने धरणे धरून बसले. किमान वेतनाच्या निम्मे पेन्शन असंघटित कष्टकऱ्यांना द्या, ही मागणी होती. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपयांवरच थांबला आहे. राज्य त्यात भर घालते, हे खरे. पण २०० रुपयांत म्हातारा हमाल महिनाभर चहा तरी पिऊ शकेल काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस निवडणुकीतील गैरप्रकारांच्या प्रश्नावर फुले वाड्यात उपोषणाला बसतो, आणि आपण त्याच्या चिकाटीचे कौतुक करून मोकळे होतो. त्याची पेन्शनची मागणी मात्र कौतुकाच्या गर्दीत मागे पडते.

दुपारच्या सत्रात व्याख्यान नाही. या पेन्शनसाठी लागणारे अर्ज, वयाचे आणि उत्पन्नाचे दाखले कसे मिळवावयाचे, हे प्रत्यक्ष कागद समोर ठेवून पाहावयाचे आहे. उद्या सकाळी आपण अडत बाजारात टोळ्यांशी बोलावयास जाणार आहोत. त्याआधी स्वयंपाकघरात चार माणसे कमी आहेत. भाकऱ्या थापण्याचे काम बहिणींवरच सोपवलेले दिसते. पुरुष शिबिरार्थींनीही उठावे, आणि ज्यांना थापता येत नाहीत त्यांनी निदान चुलीपाशी बसून शिकावे. गाणी म्हणणाऱ्यांना तेथे मज्जाव नाही.