कावीळ उतरली, पण कोणती?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बैठकांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनचा भाव सोडून आज लिव्हरची गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव एक हिशेब आम्हाला पुन्हा पुन्हा दिसतो. कर्त्या माणसाच्या पोटात पाणी होते आणि त्या पाण्यात घरची जमीन वाहून जाते.

सोयाबीन पिवळे पडले की आपण विचारतो, लोह कमी पडले, पाणी साचले, की मोझॅक आला? सगळ्यावर एकच औषध मारत नाही. मग माणूस पिवळा पडला की 'कावीळ उतरवून आणा' हे एकच उत्तर कसे?

घाण पाण्यातून होणारी ए आणि ई कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळ घालणाऱ्याला मिळते. गरोदर बाईला ई घातक ठरू शकते. तिला थेट दवाखान्यातच न्या.

बी आणि सी वेगळ्या. त्या वापरलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या ब्लेडमधून, रक्तातून येतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही होते. डोळे पांढरे झाले तरी विषाणू आत राहू शकतो. कित्येकांना तर कावीळ दिसतच नाही.

दारू लिव्हर खराब करते. मधुमेह आणि लठ्ठपणा असेल तर न पिणाऱ्याच्याही लिव्हरमध्ये चरबी साठते. आणखी एक कारण आपल्याच खळ्यातले आहे. चांगला माल बाजारात जातो, बुरशीचा डागी भुईमूग, मका घरात राहतो. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असते. १९७४ साली बांसवाडा-पंचमहाल भागात असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

लिव्हर वर्षानुवर्षे सुजत राहिले की त्यात वण पडतात. मग ते चोपण जमिनीसारखे घट्ट होते. चोपणात पाणी मुरत नाही, तसे या लिव्हरमध्ये रक्त शिरत नाही. ते मागे तुंबते. म्हणून पोटात पाणी, रक्ताची उलटी, पुढे बरळणे. इथवर यायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात, आणि तोवर सहसा काही दुखत नाही. अखेरीस लिव्हर बदलणे एवढाच मार्ग उरतो. तो आपल्यापैकी किती जणांना परवडेल?

आधी कळले तर उपाय आहे. सी वर साधारण तीन महिने गोळ्या घेतल्या की शंभरात नव्वदाहून अधिक लोक बरे होतात. बी रोजच्या गोळीने ताब्यात राहते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. दारू कोणत्याही टप्प्यावर सोडली तरी फायदाच होतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

तेव्हा गावी गेल्यावर एवढे करा. कावीळ झालेल्याची रक्ततपासणी करून 'कोणती?' हे विचारा. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत बी ची लस टोचून घ्या. दर वेळी नवी सुई मागा. बुरशीची शेंग घरातही नको आणि बाजारातही नको.

माती परीक्षणाला पिशवी भरून नेतो, तसे एकदा स्वतःचे रक्तही तपासून घ्या.