तापलेली तार आणि वाहतें पाणी

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरांत कृष्णेच्या पुराचें पाणी उत्तरेकडून शिरतें, पादुकांवरून जाऊन दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, आणि तेथें स्नान करण्यासाठीं भाविकांची रीघ लागते. पाण्याला नुसती उंची नसते, वेग आणि दिशाही असते, हें त्या भाविकांना कोणी शिकवावें लागत नाहीं. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाडास मात्र पुराच्या दिवसांत एकच प्रश्न कानीं पडतो : पाणी कोठवर चढलें?

तो प्रश्न अपुरा आहे. येथें पंचगंगा कृष्णेस मिळते. कृष्णा फुगली म्हणजे पंचगंगेचें पाणी अडतें. पातळी चढते, पण प्रवाह मंदावतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कुरुंदवाडास पाण्याचा वेढा पडला, तेव्हां २००५ प्रमाणेंच बोटें अलमट्टी धरणाकडे वळलीं. पाणी पुढें सरकत आहे कीं तुंबलें आहे, याचा निवाडा पातळीची पट्टी एकटी करूं शकत नाहीं. वेगच मोजला पाहिजे.

त्याचें जुनें साधन म्हणजे फिरत्या वाट्यांचा वेगमापक. अतिमंद प्रवाहांत त्या वाट्या धड फिरत नाहींत. अशा ठिकाणीं निराळी युक्ति सुचते. ऊन दुधावर फुंकर घातली कीं तें लवकर निवतें. जोराची फुंकर, तितकी निववण अधिक. केसाहून कितीतरी बारीक अशी प्लॅटिनमची तार विजेनें तापवून प्रवाहांत धरली आणि तिची उष्णता कायम राखण्यास किती वीज लागते तें पाहिलें, तर प्रवाहाचा वेग कळतो. कॅनडांतील शास्त्रज्ञ किंग यांनीं १९१४ सालीं याचें गणित मांडलें. वेग चौपट झाला तर प्रवाहामुळें जाणारी उष्णता सुमारें दुप्पटच होते. म्हणून मंद प्रवाहांतील लहानसा फरकही या तारेस चटकन् जाणवतो.

पाण्यांत नाजूक तारेऐवजीं कांचेवर बसविलेला धातूचा पातळ थर वापरतात. तो फार तापवून चालत नाहीं, त्यावर बुडबुडे धरतात. दिशेसाठीं तापलेल्या भागाच्या दोन्ही अंगांस एकेक उष्णतामापक ठेवावा : ज्या अंगाचा अधिक तापेल, तिकडे पाणी वाहत आहे. प्रवाह उलटला कीं दुसरा तापूं लागतो.

हें ऐकून संगमावर असलें यंत्र लगेच बसवावें असें कोणासही वाटेल. पण पावसाळ्यांतील कृष्णेचें पाणी गढूळ. थरावर गाळाचें पूट चढलें कीं उष्णता कमी जाते, आणि यंत्र खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवितें. म्हणजे न तुंबलेलें पाणीही तें तुंबलेलें ठरवील, आणि ज्या वादासाठीं तें आणलें तोच चिघळवील! तेव्हां त्याचें खरें स्थान प्रयोगशाळेंतील स्वच्छ पाण्यांत. नदीवर वाट्यांच्या वेगमापकाच्या जोडीस आतां ध्वनियंत्र आलें आहे. तें पाण्यांत ध्वनिलहरी सोडतें व वाहत्या गाळकणांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या बदललेल्या स्वरावरून वेग आणि दिशा दोन्ही काढतें.