पत्र्याची पाठ



तुम्ही शाल घातलीत, आनंद झाला. पण शाल आणि ग्राइंडर यांचं जमत नाही, म्हणून ती घडी करून ठेवली आहे.

मी लोखंडावर शिकलो. दीड मिलिमीटरचा ३०४ स्टेनलेसचा पत्रा पहिल्यांदा हाती आला, तेव्हा लोखंडासारखीच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवण ओढत नेली. शिवण सुरेख झाली, पत्र्याचा मात्र पापड झाला. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तो पत्रा भिंतीला टांगला आणि सहा महिने उतरवला नाही.

स्टेनलेस उष्णता वाहून नेतं ते साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि तापल्यावर फुगतं जवळपास दीडपट. उष्णता सांध्यापाशीच साठते. तिथला धातू पसरू बघतो, आजूबाजूचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही; निवताना तोच आकसतो आणि सगळ्याला ओढतो. म्हणून दोन-दोन बोटांवर टॅक, खाली तांब्याची पट्टी, करंट बेताचा आणि जागा बदलत तुकड्यातुकड्यानं शिवण. हे तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते पत्र्याच्या पाठीबद्दल.

या पोलादाला गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. ३०४मध्ये ते साधारण १८ टक्के असतं आणि हवेशी मिळून पृष्ठभागावर ऑक्साइडची साय धरतं, केसाहून हजारो पट पातळ. सगळी अब्रू त्या सायीत. समोरून आपण टॉर्चमधला आर्गन सोडतो, म्हणून समोरची बाजू वाचते. मागे तापलेल्या धातूला उघडी हवा लागते आणि क्रोमियम जळतं. इंग्रजीत त्याला शुगरिंग म्हणतात. आम्ही उसाच्या मुलखातले, आम्हाला काहिलीच्या तळाशी करपलेली काकवी आठवते: काळी, खडबडीत, भेगाळलेली.

एका डेअरीची दुधाची पाइपलाइन मी अशीच जोडली होती. घाई होती आणि आर्गनचा सिलिंडर संपत आला होता. मागून गॅस सोडलाच नाही. बाहेरून बफिंग केलं, आरशासारखं. काही महिन्यांनी बोलावणं आलं. लाइन रोज कॉस्टिकनं आणि ॲसिडनं धुतली जात होती, तरी दुधाला वास येत होता. एक सांधा कापून उभा चिरला. आतल्या करपलेल्या खडबडीत शिवणीत दुधाचा पिवळा थर अडकून बसला होता. चूक माझीच होती. सगळी लाइन पदरचे पैसे घालून बदलली.

मागून गॅस भरणं, म्हणजे पर्जिंग, अवघड नाही. दोन्ही तोंडं बंद करा, आर्गन खालून सोडा, वर बारीक भोक ठेवा. आर्गन हवेहून जड असतो, तो तळाशी बसत हवेला वर ढकलतो. पण ती चार-पाच मिनिटं थांबायचं जिवावर येतं.

आणखी एक. हल्ली पोरं शिवणीवरचे मोरपंखी रंग मोबाइलवर दाखवतात. दिसतात देखणे, पण निळ्याजांभळ्या रंगाखालच्या धातूतलं क्रोमियम कमी झालेलं असतं. तो थर पिकलिंग पेस्टनं काढल्याशिवाय माल बाहेर सोडू नका. आणि लोखंडावर फिरवलेला तारेचा ब्रश स्टेनलेसला लावणाऱ्याला मी तरी कामावर ठेवत नाही.

गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतं. चिकटला नाही की खूश. २०२ या हलक्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही, हे त्याला कोण सांगणार? तसंच त्याला पाठही दिसत नाही. म्हणून ते फुटावर भाव करतं आणि आपण मागचा गॅस वाचवून तो भाव परवडवतो. माझी सूचना एवढीच, की उद्यापासून कोटेशनमध्ये पर्जिंगचा गॅस आणि वेळ वेगळ्या ओळीत लिहा. काही कामं हातची जातील. माझीही गेली.

बाहेर टेबलावर पाइपचे दोन तुकडे ठेवले आहेत, दोन्ही माझ्याच हातचे. एकाला पर्ज केलंय, एकाला नाही. जेवायला जाताना आधी वरून बघून कोणता कोणता ते सांगा, मग आत बोट फिरवा.