पत्ता वाचणारे यंत्र आणि पत्र पोचविणारा माणूस

(सोमाटणे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



टपालाची वर्गवारी यंत्राने करावी की नाही, हा वाद आता जुना झाला. मुंबईत टपाल खात्याने असे यंत्र १९९३ साली बसविले, चेन्नईत १९९६ साली. लिफाफ्याची प्रतिमा टिपायची, तीवरून पिनकोड ओळखायचा आणि पत्र नेमक्या कप्प्यात धाडायचे, हे अशा यंत्राचे काम. त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

प्रथम भांडवलाचा विचार करू. यंत्राचे खरे भांडवल पोलादात नाही, पिनकोडात आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि दुर्बोध अक्षर यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकडे योजिले. त्यापूर्वी हे ज्ञान सॉर्टरच्या डोक्यात असे. धावत्या रेल्वेच्या टपाल डब्यात उभे राहून तो शेकडो गावांचे मार्ग स्मरणाने सांगे. म्हणजे हे भांडवल कामगाराच्या अनुभवातून व जनतेच्या पैशातून उभे राहिले.

यंत्राचे वाचनही असेच उसने आहे. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखित आकडे ओळखणारी पद्धत बसविली, ती बफेलोच्या टपालातील खऱ्या लिफाफ्यांवरील आकड्यांवरून. शंभरात एकच चूक व्हावी अशी अट घातली, तर सुमारे नऊ आकडे बाजूला काढावे लागत. न वाचता आलेल्या पत्त्यांच्या प्रतिमा दूरच्या केंद्रांतील माणसे वाचीत. १९९७ साली अशी ५५ केंद्रे होती. २०१३ नंतर सॉल्ट लेक सिटीतील एकच उरले. माणसे वाचीत राहिली, यंत्र शिकत राहिले, आणि शिकविणाऱ्यांची गरज संपली.

आता आपल्याकडे या. सोमाटण्याचा पिनकोड ४१०५०६. आपला चार इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला एक इंग्रजी नवासारखा. पहिलाच आकडा आठ वाचला गेला, की पत्र बिहार-झारखंडच्या वाटेला लागलेच! त्यात आपली माणसे एकाच पिनकोडात दोन्ही लिप्यांचे आकडे बेधडक मिसळतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील भट्टाचार्य व चौधरी यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १,०४९ व्यक्तींच्या हातचे २२,५५६ देवनागरी आकडे त्यांनी जमविले; त्यांतले काही खऱ्या टपालातले होते. हे काम सार्वजनिक संस्थेने केले, हे लक्षात ठेवा. बँका व कंपन्यांची पत्रे इंग्रजीत छापलेली असतात, ती यंत्र सहज वाचते. मराठी पत्ता लिहिणाऱ्या सामान्य माणसाचा त्यात बाजारी कंपनीला काय लाभ?

शेवटचा टप्पा सर्वांत स्वस्तात उरकला जातो. पत्र वेगाने वेगळे झाले तरी खेड्यातल्या दारापर्यंत ते पायानेच येते. ते आणणारे ग्रामीण डाकसेवक देशात सुमारे अडीच लाख. खात्याचे नियमित नोकर मात्र नव्हेत. १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामाला त्यांचा किमान मूळ मोबदला दरमहा १०,००० रुपये ठरला. हाती दिलेली पत्रे संपेपर्यंत घड्याळाकडे पाहता येत नाही, हे निराळेच. शहरातील केंद्रात वाचलेले तास हिशेबात उत्पादकता म्हणून नोंदले जातात आणि मावळातल्या चढावर चाललेले तास कोठेच नोंदले जात नाहीत, हे अर्थशास्त्र माझ्या बुद्धीला पटत नाही.

म्हणून यंत्राला विरोध करण्याचा ठराव मी मांडणार नाही. यंत्रामुळे होणाऱ्या बचतीतला वाटा डाकसेवकाच्या वेतनात व सेवेच्या नियमिततेत यावा, आणि देवनागरी पत्ते वाचण्याचे काम सार्वजनिक मालकीतच राहावे, या दोन मागण्या संघटनांनी एकत्र धराव्यात. पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या डाकसेवकाला भेटावे, त्याचे ठरलेले तास व प्रत्यक्ष तास लिहून आणावेत. कागद कोरा आणू नका.